वन्संबरोबर फुकटचा डोंगर

डोंगर चढायचे पैसे कुणीच घेत नाही. तरी 'मोफत गिरिभ्रमण' असं छापलं की माणसं तुटून पडतात, हे मी या हिवाळ्यात कर्जत तालुक्यात जाऊन डोळ्यांनी पाहून आले. तुटून पडणाऱ्यांत मीही होते, म्हणून हसण्याचा अधिकार मला थोडा कमी आहे. तरी जमेल तितका वापरते.

आमच्या पुण्याच्या घरी भटकंतीचं एक मासिक येतं. ते वन्सं आणतात. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण विमल, वयानं माझ्याहून थोडी मोठी, चाळिशी ओलांडलेली आणि बिनलग्नाची. टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, म्हणजे गावोगावचे फोन जोडून द्यायचं काम. दिवसभर साऱ्या महाराष्ट्राशी बोलून घरी येतात, त्यामुळे घरात बोलायला त्यांच्याकडे काही उरत नाही. आमचं भांडण कधीच नव्हतं. भांडायला निदान बोलावं तरी लागतं.

त्या मासिकात कूपन आलं. 'तुम्हाला डोंगर का आवडतो, एका वाक्यात लिहा. भाग्यवान वाचकाला आणि त्याच्या सोबत्याला तीन दिवसांचा भ्रमण-मेळावा, पाठपिशवी, टोपी आणि पाण्याची बाटली मोफत.' मी पर्वतीच्या पलीकडे कधी चढलेली नाही, पण वाक्य मात्र असं लिहिलं की त्यात हिमालयही मावला असता. महिन्याभरात माझं नाव निघालं. घरात माझा भाव वधारला. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण ह्यांनी जन्मभर तत्त्व म्हणून पाळली आहे, त्यामुळे सोबती कोण हा प्रश्न आला. आणि जेवताना कधी मान वर न करणाऱ्या वन्सं म्हणाल्या, "मी जाते वहिनीबरोबर. रजा शिल्लक आहे."

हे मला म्हणाले, "दोघी जा. निदान शांतता तरी राहील."

शुक्रवार, पोशीर

पुण्याहून घाट उतरून आलेली गाडी कर्जतला जरा वेळ थांबते आणि तेवढ्यात सगळी गाडी बटाटेवडे खाते. आमच्याकडे वडा पानात मोडून, चटणीला लावून, सावकाश खातात. इथे तो खिडकीतून येतो, बोटं भाजतो आणि गाडी हलायच्या आत पोटात गेलेला असतो. आम्ही तिथेच उतरणार होतो, तरी घाईघाईनं खाल्ला. स्टेशनाचा गुण.

पुढे नेरळ, आणि नेरळहून मेळाव्याच्या ट्रकनं पोशीर. भात कापून झालेलं एक भलंमोठं शेत, भोवतीच्या खाचरांत हिरवागार वाल, मागे माथेरानचा डोंगर आणि मधोमध कापडी कमान: 'निसर्ग तुम्हाला बोलावत आहे.' कमानीखाली निसर्गाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तिथे टोप्या वाटत होते. चांगली इस्त्रीची पॅंट घातलेले, बँकेत आणि कॉलेजात मानानं वावरणारे गृहस्थ एकमेकांच्या काखेतून हात घालत होते. एकानं स्वतःची टोपी खिशात कोंबली आणि बोडक्या डोक्यानं पुन्हा रांगेत उभा राहिला.

मलाही सगळं मिळालं. टोपी शाळकरी पोराच्या मापाची होती. पाठपिशवी छत्रीच्या कापडाची. बाटली सुबक होती, फक्त तिच्यात पाणी राहत नव्हतं. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं मनाशी म्हणून मी ती गळ्यात अडकवली आणि पदर ओला करून घेतला.

मेळाव्याचे चिटणीस गळ्यात शिट्टी घालून हिंडत होते. त्यांचा स्वभाव चांगला होता, पण प्रत्येक वाक्याआधी ते ती वाजवत. उद्घाटनाचे पाहुणे दुपारी यायचे ते उन्हं कलल्यावर आले आणि डोंगराकडे पाठ करून निसर्गावर बोलले. त्यांच्या मागे कड्यावरचं सबंध आभाळ सोन्यासारखं झालं, मग तांबडं झालं, मग विझलं. त्यांना ते कुणी सांगितलं नाही.

बांधावर गावातल्या बायका उभ्या होत्या. त्यांतली एक, ज्या शेतात आम्ही उतरलो होतो त्याची मालकीण, जनाबाई नावाची, आमचा तंबू उभा राहताना बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"बायांनो, तुमचेकडं घरं नाय काय गं?"

"आहेत की," मी म्हटलं.

"मंग भुईवर निजायला येवढ्या लांब कशाला आल्याव?"

"मोफत आहे म्हणून," मी खरं ते सांगितलं.

तिनं यावर विचार केला. "आमी तं रोजच फुकट निजतो. आमाला कुनी टोपी नाय दिली."

मी माझी टोपी तिला देऊ केली. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि परत दिली. पण चिटणिसांची खिचडी कशी शिजते आहे तेही तिनं पाहिलं असावं, कारण थोड्या वेळानं ती तांदळाच्या भाकरी आणि वालाचं बिरडं घेऊन आली. आमच्याकडे वाल म्हणजे सणासुदीची गोष्ट. भिजवा, मोड आणा, सोला, आणि वाढताना मोजून वाढा. इथे तिनं वाडगा उपडाच केला. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आम्हाला ती पांढरीशुभ्र मऊ भाकरी आधी आजाऱ्याचं खाणं वाटली. दुसऱ्या घासाला मत बदललं. वन्संनी तीन खाल्ल्या. घरी त्या दीड पोळीच्या वर जात नाहीत.

शनिवार, जुम्मापट्टी

सकाळी धुक्यात सगळे कुडकुडत शिट्टीची वाट बघत असताना वन्सं तंबूतून बाहेर आल्या. लिंबू रंगाची व्हॉइलची साडी, चेहऱ्याला पावडर, अंबाड्यात अबोलीची वेणी. वेणी जनाबाईकडून मिळवली असणार. मला वाटलं, मासिकाचा फोटोग्राफर येणार आहे म्हणून असेल. चाळिशीतही हौस असते माणसाला, म्हणून मी मोठ्या मनानं माफ केलं.

कार्यक्रम होता पायी माथेरानचा. नेरळहून छोट्या गाडीच्या रुळांच्या कडेनं वर जायचं. थोडं चढलो नाही तोच मागून ती गाडी आली, खेळण्यातल्यासारखी, आणि तिच्यातले लोक शेंगा सोलत आमच्याकडे कनवाळूपणे बघत गेले. एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "तिकीट नाही मिळालं का हो?" चिटणीस वर बघून म्हणाले, "आम्ही मुद्दाम चालतोय!" गाडीत हशा पिकला. माझ्या पाठपिशवीचा पट्टा तिथेच तुटला.

जुम्मापट्टीला म्हणजे वाटेतल्या पहिल्या स्टेशनावर पोचलो. स्टेशन म्हणजे एक छप्पर, एक बाक आणि भोवती रान. वन्सं एकदम बाकावर बसल्या.

"पाय मुरगळला. तुम्ही व्हा पुढे. वहिनी थांबतील माझ्याजवळ."

मला कुणी विचारलं नव्हतं. चिटणीस धावत आले, शिट्टी वाजवली, पिशवीतून मलमाची नमुन्याची डबी काढली. "मोफत आहे," म्हणाले, आणि मंडळींना घेऊन वळणाआड गेले. मला खरं सांगायचं तर राग आला होता. जन्मात एकदा बक्षीस मिळालं होतं आणि तेही निम्म्या डोंगरावर संपलं. मी पाय चोळायला खाली वाकले तर वन्सं म्हणाल्या, "राहू दे. काही झालेलं नाही."

तेवढ्यात छपराच्या खांबामागून एक माणूस पुढे आला. पंचेचाळिशीचा, सावळा, उंचसा. पांढरा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, हातात थर्मास. तो वन्संसमोर उभा राहिला आणि घसा साफ करून म्हणाला,

"नमस्कार. पुणे ट्रंक?"

वन्संचा चेहरा मी इतकी वर्षं रोज पाहते. त्या चेहऱ्याला लाजता येतं हे मला माहीत नव्हतं.

"बोला खोपोली," त्या म्हणाल्या.

मग दोघंही आपापल्या चपलांकडे बघायला लागली. रानात कुठेतरी तांबट पक्षी ठोके घालत होता. शेवटी मीच विचारलं, "आपण कोण?"

तो होता दत्ताराम पाटील, खोपोलीच्या एका कागद कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर. खालापूरकडच्या एका गावातला भातशेती करणाऱ्या घरचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कारखान्याचे पुण्याचे ट्रंक कॉल तो लावून घ्यायचा आणि पुण्याकडून ते बहुतेक वन्संकडे यायचे. साहेब लाइनवर येईपर्यंत दोन्हीकडचे ऑपरेटर रिकामेच असतात. पाऊस आहे का, घाटात दरड पडली का, इथपासून सुरुवात झाली. साहेब लोक उशिरा फोनवर येत, त्याबद्दल दोघांनी त्यांना दुवा दिला असेल. तीन वर्षं हे चाललं होतं. दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं.

"मी पुण्याला येतो म्हटलं होतं," दत्ताराम मला म्हणाला. बोलणं अगदी स्वच्छ, रेडिओवरच्यासारखं. "या नको म्हणाल्या. म्हणाल्या, कुणी पाहिलं तर घरी काय सांगू? मग या मेळाव्याची जाहिरात मी वाचली. त्यांना सांगितली."

मी वन्संकडे वळले. "पण नाव तर माझं निघालं!"

"घरातल्या सगळ्यांच्या नावानं कूपनं पाठवली होती," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "दादाच्या नावानं जास्त. शेजारच्या मावशींच्या नावानंसुद्धा."

"आणि माझं वाक्य?"

"ते तुमचंच. चांगलं होतं."

दत्तारामनं थर्मासमधून चहा ओतला. दोघांनी तो पिताना एकमेकांकडे न बघण्याची पराकाष्ठा केली. तो काही बोलायला लागे आणि थोड्या वेळानं आपोआप थांबे, जणू कुणी लाइन तोडणार आहे. मग मला युक्ती सुचली. मी म्हटलं, मी जरा पलीकडे रूळ बघून येते. रुळात बघण्यासारखं काही नसतं. बाकाकडे पाठ करून मी उभी राहिले. आधी काही नाही. मग हळूहळू मागून आवाज यायला लागले, आणि मग वन्संचं हसणं. मी चोरून पाहिलं. दोघं बाकाच्या दोन टोकांना पाठमोरी बसली होती आणि समोर रानाकडे बघत मजेत बोलत होती. तोंडं दिसेनाशी झाल्यावर जमलं होतं त्यांना.

निघताना त्यानं मला सांगितलं, "उद्या आमच्या घरी पोपटी आहे. आई वाट बघतेय. तुम्ही आणलंत तर या येतील. नाहीतर नाही येणार, असं म्हणतात."

म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. मी "बघू" म्हटलं.

संध्याकाळी मंडळी डोंगरावरून लंगडत उतरली आणि सोडत झाली. मोठं बक्षीस होतं तंबू, आणि 'उपस्थितांपैकी कुणालाही' असं चिटणिसांनी मोठ्या मनानं जाहीर केलं होतं. चिठ्ठ्या घेताना बांधावरच्या बायकांनीही घेतल्या. तंबू जनाबाईला लागला. टाळ्या वाजवताना शहरी मंडळींचे हात जड झालेले मी पाहिले. चिटणिसांनी विचारलं, "आता तुम्हीपण येणार ना भ्रमणाला?"

"पेंडा झाकीन की!" जनाबाई म्हणाली. "औंदा पावसानं लय कुजला."

त्या गडबडीत तंबूच्या दाराशी मी वन्संना विचारलं, "ह्यांना काय सांगायचं?"

"काय सांगायचं ते मी सांगेन. तुम्हाला यायचं नसेल तर मीही जाणार नाही. तो माणूस वाईट निघाला तर तुमच्या लक्षात येईल. माझ्या नाही येणार. मला त्याचा आवाज आवडतो, त्यामुळे माझं काही खरं नाही."

माझ्यावर इतका विश्वास त्यांनी कधी टाकला नव्हता. घरात आमटीच्या चवीचाही नाही.

रविवार, खालापूर

कर्जतला बदलून खोपोली, आणि तिथून टेंपो. खोपोलीत कारखान्यांची धुराडी आणि त्यांच्या मागे घाटातून उतरणारे वीजघराचे नळ दिसतात. पण टेंपो रस्ता सोडून आत वळला की पुन्हा खाचरं, वाल, आणि आभाळात खुपसलेला इर्शाळचा सुळका. त्याच्या पायथ्याशी दत्तारामचं गाव.

पोपटी म्हणजे काय ते तिकडे न गेलेल्यांना सांगायला हवं. मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरतात, वर वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, ओवा, मीठ. पाणी थेंबभर नाही. तोंड पाल्यानं बंद करून मडकं शेतात उपडं ठेवतात आणि भोवती पेंढा, गोवऱ्या रचून जाळ घालतात. ही थंडीतल्या संध्याकाळची मौज. आमच्या गाडीसाठी त्यांनी ती भर दुपारी लावली होती आणि येणारा-जाणारा विचारत होता, "दुपारची कंची पोपटी रं दत्ता?" दत्ताराम इकडे वेगळाच बोलत होता. "पावनं हायत, दिसत नाय काय तुला?" वन्संनी चमकून पाहिलं. हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. मग ओठ दाबून हसल्या.

त्याची आई वाळक्या बांध्याची, खणखणीत म्हातारी. तिनं आम्हाला बांधावर घोंगडी टाकून बसवलं. "तुमचं मडकं वेगळं लावलंय. आमच्यात कोंबडी हाय." मग वन्संना न्याहाळून तिनं सरळ सुरुवात केली.

"भात लावता येतो काय गं?"

"नाही."

"शिकशील?"

"नाही," वन्सं म्हणाल्या. "नोकरी आहे मला. मी खोपोलीला बदली मागणार आहे. मिळाली तर येईन. नोकरी सोडून येणार नाही."

जाळ तडतडत होता. दत्ताराम काठीनं निखारे सारत बसला. मला वाटलं, संपलं. पोपटी खाऊन नमस्कार करायचा आणि निघायचं. म्हातारी उठली आणि मला म्हणाली, "चल गं, तुला गोठा दावते."

गोठ्यात एक म्हैस होती. म्हातारीनं तिच्याकडे बोटही दाखवलं नाही.

"खरं सांग. कशी हाय ती? तू नांदलीस तिच्यासंगं."

नणंदेचं लग्न जमवायची संधी सुनांना क्वचितच मिळते. दोन गोड शब्दांत माझं घर मोकळं झालं असतं, कपाटातला एक खण मिळाला असता. पण त्या बाईच्या डोळ्यांपुढे गोड शब्द जिभेवर येईनात.

"तापट आहेत," मी म्हटलं. "सकाळी त्यांच्याशी बोलायचं नाही. मीठ कमी पडलं तर ताट सरकवतात. चूक झाली तर कबूल करत नाहीत." मग थांबावंसं वाटेना. "माझ्या आजारपणात रात्रपाळी करून आल्यावर सगळा स्वयंपाक त्यांनी केला. कुणाला सांगितलं नाही. मीही कधी बोलले नाही त्यांना त्याबद्दल. आणि खोटं बोलत नाहीत. कूपनांचं सोडा."

कूपनांचं म्हातारीला कळलं नाही. बाकीचं कळलं. ती म्हशीच्या पाठीवर हात टेकून हसायला लागली. "म्हंजे माज्यासारकीच की गं!" मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "सून गेली तवापासून ह्यो घरात बोलत नाय. वाटलं, मुका झाला पोर. तिकडं फोनवर बोलत व्हता, म्हनं. आता घरात बोलंल तरी. भात लावायला मानसं मिळतात."

बाहेर येऊन ती वन्संना एवढंच म्हणाली, "मीठ तूच घालत जा. माजा हात कमी पडतो."

मडकं फोडलं. शेंगा वाफेनं मऊ झालेल्या, पाल्याचा कडवट, रानवट वास आतपर्यंत गेलेला. मी हात न राखता खाल्लं. वन्सं आणि दत्ताराम एकमेकांसमोर बसून शेंगा सोलत होती. या वेळी समोरासमोर.

घरी

हे दार उघडतानाच म्हणाले, "काय, काय काय मिळालं फुकट?"

सांगायचं काम वन्संचं होतं. पण त्या चपला काढत होत्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मेहुणा."

आधी हे हसले. मग वन्संकडे पाहिलं आणि हसायचे थांबले. पुढचं सगळं सांगत नाही. खोपोली, पाटील, बिजवर, या वयात, लोक काय म्हणतील, असं सगळं झालं. वन्संनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, मी विचारत नाहीये. सांगतेय." त्यानंतर बहीणभाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. गंमत अशी की वन्सं आणि मी मात्र बोलायला लागलो, स्वयंपाकघरात, ह्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

बदली मिळायला वेळ लागला, पण मिळाली. लग्न खोपोलीला, साधंच, त्या रुजू झाल्यावर व्हायचं होतं. ज्या दिवशी वन्सं निघाल्या, त्या दिवशी ह्यांनी कचेरीला दांडी मारली. कारण सांगितलं नाही. वन्संची वळकटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन स्टेशनपर्यंत आले. जिना चढताना धाप लागली तरी मला हात लावू दिला नाही. ती फळीवर चढवली, ओढून पाहिली, आणि एक अक्षर न बोलता खाली उतरून उभे राहिले.

गाडी हलली. तसे हे खिडकीच्या दांड्याला धरून बरोबर चालायला लागले.

"विमल," म्हणाले, "घाटात बोगदे आहेत. खिडकीतून हात बाहेर काढू नकोस."

"नाही काढत, दादा," वन्सं म्हणाल्या.